मागचं चाक

रविवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास नत्थूजी गजघाटे यांनी मायाची सायकल दुरुस्त करून हुडकेश्वरच्या घरी आणली, आणि ती पाहून घरातल्या एकाही माणसाला आनंद झाला नाही.

काम चोख होते. सतरा दिवसांपूर्वी आठाच्या आकड्यासारखे पिळले गेलेले मागचे चाक जाऊन त्या जागी कोरे चाक आले होते, वाकलेली फ्रेम सरळ झाली होती, सीटखाली नवा लाल दिवाही लागला होता. आयुष्यभर दूधवाल्यांच्या आणि शाळकरी पोरांच्या जड सायकली हाताळलेल्या माणसाने शहात्तराव्या वर्षी ही बोटभर रुंद टायरची नाजूक वस्तू समजून घेतली होती. सीताबर्डीच्या दुकानांत चार फेऱ्या मारून सुटे भाग मिळवले होते. एरवी मायाला आपल्या मोठ्या बाबांचे, वडिलांच्या या थोरल्या भावाचे, कौतुक वाटले असते. आज तिला एवढेच दिसले की तिच्या बाजूने साक्ष देऊ शकणारी एकुलती एक वस्तू प्रेमाने, निगुतीने आणि पूर्णपणे मुकी करण्यात आली होती.

"चाक फिरवून पाहून घे," नत्थूजी म्हणाले. "केसभर डुलत नाही."

मग त्यांनी खांद्यावरचे गोणपाटाचे पोते मायाच्या दिवाणाशी, वॉकरच्या पायाजवळ ठेवले. इंदोऱ्यातल्या त्यांच्या दुकानाचा हा नियम त्यांच्या वडिलांपासून चालत आला होता: काढलेला भाग गिऱ्हाइकाच्या नजरेखालून गेल्याशिवाय भंगारात जायचा नाही. प्रत्येक भागाला तारेने पुठ्ठ्याचा तुकडा बांधायचा, त्यावर काय काढले, केव्हा आणि काहून, ते लिहायचे. सायकलवाला गिऱ्हाइकाला फसवतो, अशी ज्या काळी लोकांची खात्री होती आणि सायकलवाल्याचे आडनाव गजघाटे असले, त्यातून जात कळली, तर ती खात्री दुप्पट होती, त्या काळी वडिलांनी हा नियम केला होता. गिऱ्हाइके बदलली, पुठ्ठा बदलला नाही.

पोत्याकडे कुणी पाहिले नाही.

"ठेवा ती सायकल तिकडं मागच्या खोलीत, भाऊजी," मायाची आई सिंधूताई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. "तिच्या डोळ्यासमोर नका ठेवू. उद्या पुन्हा चढन तिच्यावर."

"चढीन ना," माया म्हणाली. "कंबर तर जुळू दे."

"पाहा. चव्वेचाळीस वर्षाची झाली, कॉलेजात इतिहास शिकवते, अन् पहाटे उठून पोरांसारखी चड्डी घालून गाड्यांच्या मागं पळते."

"पुढं, आई. मी गाडीच्या पुढं होती. म्हणून तर लागलं."

नत्थूजींचा मुलगा संघपाल खुर्चीत बसल्या बसल्या हसला आणि त्याची बायको प्रेमलता हसली नाही. प्रेमलता सरकारी दवाखान्यात परिचारिका होती. माणूस विनोद केव्हा करतो आणि दुखणे दाबायला केव्हा बोलतो, हे तिला नाडी न पाहता कळत असे. वीज कार्यालयात बढत्या मोजत पन्नाशीला पोहोचलेल्या संघपालला ते कळण्याचे कारण नव्हते.

माया मात्र विनोद करत नव्हती. ती शब्दांचा क्रम लावत होती. वीस वर्षे तिने मुलांना एकच गोष्ट वेगवेगळ्या शतकांची उदाहरणे देऊन शिकवली होती. साक्षीदार मरतात, जे जगतात ते विसरतात, उरतो तो कागद. आणि कागदांतही जो पहिला, तोच पुढच्या सगळ्यांचा बाप होतो. तो खोटा असला तरी नंतरच्या खऱ्याला आधी त्याची परवानगी काढावी लागते. हे तत्त्व आपल्याच कंबरेच्या हाडावर सिद्ध होईल, एवढी शैक्षणिक निष्ठा मात्र तिने कधी बाळगली नव्हती.

चौदा नोव्हेंबरच्या पहाटे, सहाला दहा मिनिटे असताना, बाह्यवळण रस्त्याकडे जाणाऱ्या वळणावर एका पिकअपने तिला मागून उडवले होते. डोक्यावर हेल्मेट होते, मागे दिवा लुकलुकत होता, आणि ती रस्त्याच्या इतक्या डावीकडून चालली होती की आणखी डावीकडे केवळ नाली होती. एक बरगडी मोडली, कंबरेच्या हाडाला दोन ठिकाणी तडे गेले, हेल्मेटची कवटी फुटली आणि तिची राहिली. शुद्धीवर आल्यावर तिने दवाखान्याचे कार्ड वाचले. त्यावर लिहिले होते: *सायकलवरून घसरून पडल्याने.* डॉक्टरने ऐकण्यात चूक केली असावी, असे समजून तिने ठाण्यात अर्ज पाठवला. परवा शुक्रवारी ठाण्यातून जमादारांचा फोन आला. ते सभ्य होते. त्यांनी "मॅडम, अंधारात दिवाबिवा होता का?" एवढेच विचारले आणि मग माहिती देणाऱ्याचे नाव वाचून दाखवले.

"उद्या अकरा वाजता ठाण्यात बोलावलं आहे," माया आता म्हणाली. "मले नाही. मोठ्या बाबांले."

"बाबांले काहून?" संघपाल सरळ बसला.

"दवाखान्यात 'घसरून पडली' असं ज्यानं सांगतलं, त्याचा जबाब पायजे. तोवर माझा अर्ज चौकशीवर आहे म्हणतात. म्हणजे ड्रॉवरमध्ये."

सिंधूताईच्या हातातली परात दारातच थांबली. नत्थूजींनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला. नाकारण्याचा विचारही त्यांच्या चेहऱ्यावरून गेला नाही.

"हो," ते म्हणाले. "मीच सांगतलं."

मायाला वाटले होते की आता आपल्याला राग येईल. राग सतरा दिवसांपासून होताच, पण तो गोठलेला, नीट घडी घातलेला होता, आणि कुणावर उलगडावा याची ती वाट पाहत होती. जे नाव तिने यादीत सर्वांत शेवटी टाकले असते, ते सर्वांत आधी निघाले होते.

"काहून, मोठे बाबा?"

"तुले त्या पोरानं आणलं होतं. धर्मेंद्र नाव त्याचं. त्याच्याच गाडीत टाकून आणलं, सायकल बी टाकून आणली. दवाखान्याच्या पायरीवर बसून रडून राहिला होता. तूच शुद्ध जाण्याआधी तुझ्या मोबाइलमधी माझा नंबर दाखवला म्हणे त्याले. मी पोहोचलो तर माझ्या पायावर पडला. काकाजी, गाडी मालकाची आहे, केस नका करू." नत्थूजी थांबले. "मी त्याले हात जोडले, माया. म्हटलं, बापू, केस नाही करत. तू आणलं पोरीले, तुझे उपकार."

"ज्यानं पाडलं, त्याचे."

"ज्यानं आणलं, त्याचे."

संघपालने घसा साफ केला. विहाराच्या समितीच्या सभेत वाद मिटवताना तो असाच घसा साफ करत असे. "हे पाहा माया, झालं ते झालं. तू जिवंत आहेस, ही मोठी गोष्ट. बाबांचं वय पाहा. आता या वयात ठाण्यात जाऊन म्हणायचं की मी खोटं बोललो? विहारात लोक बाबांले वंदन करतात. चौथं शील, खोटं न बोलण्याचं, ते बाबाच पोरांले शिकवतात दर रविवारी."

"तेच तर म्हणून राहिली मी," माया म्हणाली. "त्याईले पाठ आहे ना."

"टोमणे नको मारू."

"टोमणा नाही, संघपालदादा. चौकशी आहे."

"सिंधूकाकू, तुम्ही सांगा हिले."

सिंधूताईने परात टेबलावर ठेवली. "मी काय सांगू? मले बी वाटते सोडून द्यावं. भाऊजींनी मुद्दाम नाही केलं वाईट. मायाच्या बाबांच्या वेळचं कोणाले माहीत नाही या घरात?"

माहीत सर्वांना होते, म्हणूनच ते कुणी बोलत नसे. अठ्ठ्याऐंशी साली मायाचे वडील वसंत, पोस्टाची पिशवी खांद्यावर घेऊन कामठी रस्त्याने सायकलवरून येताना ट्रकखाली आले. नत्थूजींनी धाकट्या भावाला रिक्षात घालून पहिल्या दवाखान्यात नेले. "कसं झालं?" या प्रश्नाला त्यांनी खरे उत्तर दिले. पोलिस केस आहे, पुढे न्या, असे सांगण्यात आले. दुसऱ्या दवाखान्यातही त्यांनी खरेच सांगितले. तिसऱ्याच्या दारात सांगण्याची गरज उरली नव्हती. माया तेव्हा आठ वर्षांची होती. बाकी सर्व तिला नंतर कळले. त्या रात्री नत्थूजींना आठ तास ठाण्यात बसवून ठेवले गेले, खटला अकरा वर्षे चालला आणि पुराव्यातली सायकल तेवढा काळ ठाण्याच्या आवारात उघड्यावर पडून राहिली. परत मिळाली तेव्हा ती हाताने मोडता येत होती.

"दोन ठिकाणी खरं बोललो तेव्हा," नत्थूजी मायाकडे न पाहता म्हणाले. "या बारीला डॉक्टरनं तेच विचारलं. कसं झालं बाबा? मी इकडं तिकडं पाहिलं. म्हटलं, घसरून पडली. त्यानं एका मिनटात आत घेतलं तुले. एका मिनटात. स्ट्रेचर धावत आलं." त्यांनी डोके हलवले. "मले वाटलं, हेच तेव्हा काहून नाही सुचलं मले."

छत्तीस वर्षे एक माणूस एका प्रश्नाचे उत्तर शोधत होता, आणि ते उत्तर तिच्या केसपेपरवर लिहिले गेले होते.

"बाबा," प्रेमलता म्हणाली. "तुम्ही खरं सांगतलं असतं तरी घेतलं असतं."

"प्रेमा," संघपालने बजावले.

"नाही, बोलू द्या मले. आता तसं नाही, बाबा. अपघाताचा पेशंट परत नाही करता येत. आधी पेशंट आत, मग पोलिसाले कळवायचं. आमच्याकडं रोज होते. स्ट्रेचर धावत आलं ते पडल्यामुळं नाही आलं. माया निळी पडली होती, म्हणून आलं."

हे वाक्य नत्थूजींपर्यंत पोहोचायला वेळ लागला. पोहोचले तेव्हा ते खुर्चीत किंचित मागे टेकले, भरलेले पोते खाली ठेवल्यासारखे. ज्या खोट्याने पुतणीला वाचवले असे सतरा दिवस वाटत होते, ते खोटे निरुपयोगी होते.

"तुले माहीत होतं?" मायाने विचारले. "कार्डावर काय आहे ते?"

"पहिल्याच दिवशी वाचलं," प्रेमलता म्हणाली. "वाटलं, घरात शांती आहे तर राहू द्या. चूक झाली, ताई."

"बस झालं आता," संघपाल उठला. "एकच विचारतो माया, अन् मग बोलत नाही. तुले मिळणार काय आहे? त्या ड्रायव्हरले आत टाकून तुझं हाड जुळणार आहे?"

"त्याले आत टाकायचं कोण म्हटलं?"

"मग?"

मायाने उशीखालून वही काढली. तिने हे वाक्य दोन दिवसांपासून तयार ठेवले होते, आणि घरच्यांसमोर व्याख्यान देण्याची सवय तिने कितीही लपवली तरी लपत नव्हती.

"रुपराव सर माहीत आहेत ना? आमच्या सायकल ग्रुपचे. रिटायर मास्तर. मागच्या वर्षी त्याच वळणावर पडले. त्याईच्या कागदावर बी 'घसरून पडले' आहे. मी फोन करकरून विचारलं. दीड वर्षात त्या वळणावर सात जण. दोन दूधवाले, एक कामाला जाणारी बाई, एक विटाभट्टीचा मजूर, रुपराव सर, आमच्यातली अजून एक, अन् मी. सातही घसरले. ठाण्याच्या दप्तरात तिथं एक बी अपघात नाही. वळण एकदम सुरक्षित आहे. ना दिवा पायजे, ना पट्टा, ना गतिरोधक. मोजलेच नाही तर मागणार काय?" तिने वही मिटली. "या शहराचे रस्ते कुणाले मारत नाहीत, दादा. आपणच घसरतो. फार घसरणारी माणसं आहोत आपण."

संघपालच्या आधी सिंधूताई बोलली.

"दिवा लागला होता," ती म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले.

"मायाचे बाबा गेले त्या चौकात. केस लागली त्याच्या दोन वर्षांनी. मोठा खांब, पिवळा दिवा. तुम्ही त्या रस्त्यानं जात नाही, भाऊजी, मले माहीत आहे. तुम्ही फिरून जाता. मी जाते. दर महिन्याला पेन्शनीले जाते, तेव्हा ऑटोवाल्याले सांगते, तिकूनच घे बाप्पा." तिने पदराने टेबलावरची नसलेली धूळ पुसली. "तुम्ही अकरा वर्षं कोर्टात गेले, मी तो दिवा पाहिला. आपण दोघांनी एकाच केसचं वेगवेगळं पाहिलं."

एका घटनेनंतर दुसरी घडली म्हणजे पहिलीमुळे दुसरी घडली असे नव्हे, हे माया दर वर्षी पहिल्याच तासाला फळ्यावर लिहीत असे. आज ती ते कुणाला सांगणार नव्हती.

"काकू, आत्ता तर तुम्ही म्हटलं की सोडून द्यावं," संघपाल म्हणाला.

"आत्ता म्हटलं होतं. आता नाही म्हणत."

मग नत्थूजींनी जे विचारले ते मायाला अपेक्षित नव्हते.

"मी त्या पोराले शब्द दिला आहे. त्याचं काय करायचं?"

"त्यानं ठाण्यात काय सांगतलं माहीत आहे? बाई रस्त्यावर पडलेली दिसली, मी उचलून आणली."

"आणली तर त्यानं."

"हो, आणली," माया म्हणाली. "ते बी लिहायचं. मागून त्यानं ठोकलं, अन् पळाला नाही, थांबला, उचललं, दवाखान्यात पोहोचवलं. दोन्ही लिहायचं. त्यानं अर्धं लिहिलं, तुम्ही अर्ध्याचं बी अर्धं. मले पूर्ण पायजे. पूर्ण लिहिलं तर त्याचं बी भलंच आहे. पळून न गेलेला ड्रायव्हर आहे म्हणून कोणीतरी पाहीन त्याच्याकडं."

"शब्द मोडला असं होते ना पण."

"तुम्ही दिलेला शब्द माझ्या जागेवर दिला, मोठे बाबा. मी बेशुद्ध होती. मले विचारलं नाही."

ती हे कठोरपणे बोलली नाही. कठोर होण्याची गरज उरली नव्हती. नत्थूजींनी मान हलवली; दुकानात एखादे गिऱ्हाईक योग्य हरकत घेई तेव्हा ते अशीच हलवत.

"खरं आहे," ते म्हणाले. "गिऱ्हाइकाले विचारल्याशिवाय भाग बदलत नाही आपण." मग त्यांची नजर भिंतीला टेकवलेल्या चकचकीत सायकलकडे गेली, आणि आपण दुसऱ्यांदाही तेच केले आहे, हे त्यांच्या लक्षात आले. "हे बी विचारलं नाही."

"राहू द्या आता."

"वसंताची सडली होती. मले वाटलं, हिची सडू द्यायची नाही. दुसऱ्याच दिवशी बसलो तिच्यावर." ते बोलता बोलता खाली वाकले आणि पोत्याच्या तोंडाची सुतळी सोडू लागले. "दिवा तर लय तरास देऊन राहिला होता. फुटला होता, पण बंद होत नव्हता. दुकानाच्या टेबलावर लुकलुक, लुकलुक. त्या दिवशी दुपारपर्यंत चालू होता. मी त्याच्यावर टोपलं झाकलं."

मायाने वॉकरला धरले आणि दुखऱ्या बाजूचा विचार न करता ती पुढे झुकली. "दिवा चालू होता?"

"सांगून तर राहिलो."

पोत्यातून आधी फुटका लाल दिवा निघाला, मग पिळवटलेले चाक. लोखंडी नव्हते ते. हलके होते, म्हणून जास्त वाकले होते. कडेवर वीतभर लांबीचा पिवळा ओरखडा होता, मालवाहू गाड्यांच्या बंपरला फासतात तसल्या जाड पिवळ्या रंगाचा. आणि आऱ्यांना तारेने बांधलेला, मिठाईच्या डब्यातून कापलेला पुठ्ठ्याचा तुकडा होता. त्यावर नत्थूजींचे सुबक, दुकानदारी अक्षर होते.

*माया. मागचं चाक. मागून गाडीची ठोकर, पिवळा रंग लागला. दिवा चालू. काढलं १५/११. नत्थूजी.*

तिने ते दोनदा वाचले. चौदा तारखेला दवाखान्यात पूर्ण विचार करून खोटे बोललेला माणूस पंधरा तारखेला दुकानात बसून, कुणी विचारले नसताना, कुणी पाहत नसताना, हे लिहून मोकळा झाला होता. डॉक्टरशी, स्वतःशीही तो खोटे बोलू शकला. पुठ्ठ्यावर खोटे लिहिणे मात्र त्याला सुचलेच नव्हते. मायाने आयुष्यभर अभिलेखागारांत असल्या कागदांसाठी धूळ खाल्ली होती, आणि हा तिच्या वॉकरच्या पायाशी गेला तासभर पडून होता.

"मोठे बाबा," ती म्हणाली, "हे तुम्ही लिहिलं?"

"मग कोण लिहीन? नियम आहे." त्यांना तिच्या आवाजातला बदल समजला नाही. "काहून, चुकलं का?"

प्रेमलता खाली बसली, तिने पुठ्ठा वाचला आणि नवऱ्याकडे पाहिले. संघपालने चष्मा वर सरकवून तो तिच्या खांद्यावरून वाचला. घसा साफ केला नाही.

"उद्या मी सुटी टाकतो," तो म्हणाला. "गाडी लागन ना पोत्यासाठी."

दुपारच्या जेवणानंतर जबाबाचा मसुदा झाला. माया लिहीत होती, नत्थूजी ऐकत होते. तिने त्यांच्यासाठी जमेल तेवढी मऊ जागा करून ठेवली होती. "घाबरून गेल्यामुळे व गडबडीत माझ्याकडून चुकीची माहिती सांगण्यात आली," असे तिने वाचून दाखवले.

"खोड ते."

"काहून? असंच लिहितात."

"मी घाबरलो नव्हतो. गडबड बी नव्हती. इकडं तिकडं पाहिलं, विचार केला, अन् खोटं बोललो. तसं लिही."

"मोठे बाबा, एवढं उघडं लिहायची गरज नाही."

"तूच म्हटलं ना वं, पूर्ण पायजे."

मायाने ओळ खोडली आणि खाली लिहिले: *मी विचार करून खोटे सांगितले.* त्याखाली वसंतचे नाव, अठ्ठ्याऐंशी साल आणि दोन दवाखाने आले. त्याखाली धर्मेंद्रने काय केले, तेही आले, दोन्ही बाजूंनी. नत्थूजींनी प्रत्येक ओळ बोटाने तपासली आणि शेवटी सही केली, तारखेसकट.

सोमवारी अकराला ठाण्याच्या आवारात उभ्या गाड्यांची रांग होती, काही एवढ्या जुन्या की त्यांच्यातून गवत वर आले होते. नत्थूजी गाडीतून उतरले आणि तिथेच थांबले. संघपालने पोते घ्यायला हात पुढे केला. त्यांनी ते दिले नाही. माया वॉकरवर एकेक पाऊल मोजत मागून येत होती, प्रेमलता तिच्या कोपराजवळ. तिने पाहिले की मोठे बाबा आवारातल्या प्रत्येक गंजलेल्या सायकलकडे पाहत चालले आहेत, पण चालले आहेत.

जमादारांनी खुर्च्या दिल्या. कार्डाची प्रत समोर ठेवली. "बाबाजी, इथं तर 'घसरून पडल्याने' लिहिलं आहे."

"मीच लिहवलं."

"मग आता?"

"आता खरं लिहा. मागून ठोकर आहे. दिवा चालू होता. पोरगा थांबला होता, ते बी लिहा."

जमादारांनी जबाब वाचला. तिसऱ्या ओळीवर ते थांबले, म्हाताऱ्याकडे एकदा पाहिले, पुन्हा वाचू लागले. "खोटी माहिती दिली, हे तुम्ही स्वतः लिहून देऊन राहिले. याच्यावर तुमच्यावर बी काही होऊ शकते, माहीत आहे ना?"

"होऊ द्या."

"बाबा," संघपाल पुटपुटला.

"होऊ द्या म्हटलं ना. सायकलवाला आहो मी. काढलेला भाग दाखवतो."

चाक टेबलावर आले. जमादारांनी पिवळ्या ओरखड्यावरून बोट फिरवले, पुठ्ठा वाचला, उलटून पाहिला, पुन्हा वाचला. पंच बोलावले गेले, यादी झाली, एका शिपायाने लाखेची डबी आणि छापील लेबल आणले. लेबल बांधायला जागा करावी म्हणून त्याने पक्कड घेतली आणि पुठ्ठ्याची तार कापायला वाकला.

नत्थूजींनी त्याचा हात धरला. जोरात नाही; दुकानात शिकाऊ पोराचा धरावा तसा.

"ते नको काढू, बापू," ते म्हणाले. "तुझी चिठ्ठी वरून बांध. ही पहिली आहे."